पऱ्हाटीचा धूर : जमा की नावे?



कापसाची शेवटची वेचणी संपली की उमरखेड तालुक्यात शेताशेतांतून पऱ्हाटी उपटली जाते. थोडी चुलीसाठी घरी येते, बाकीची धुऱ्यावर रचून पेटवून दिली जाते. आम्ही कापडाचे व्यापारी. कापूस हे आमच्या धंद्याचे मूळ आणि कापूस पिकवणारा शेतकरी हेच आमचे गिऱ्हाईक. त्याच्या खिशात पैसा आला तरच आमच्या गल्ल्यात येतो. म्हणून हा धूर पाहिला की माल जळताना पाहिल्यासारखे वाटते. आता या मालाला परदेशातून मागणी येऊ लागली आहे. तिथले लोक नेमके काय विकत घेतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

हिशेब आपल्या खतावणीसारखाच आहे. कपाशी वाढताना हवेतला कार्बन वायू घेते. पऱ्हाटी जाळली की तो हवेला परत जातो. घेतले तेवढे दिले, शिल्लक शून्य. वणीच्या खाणीतला दगडी कोळसा जाळला तर मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून असलेला कार्बन हवेच्या नावे नवे कर्ज म्हणून चढतो. याच कर्जामुळे हवामान तापत चालले आहे.

कर्ज फेडण्याचा एक मार्ग शास्त्रज्ञ सांगतात. शेतातला काडीकचरा किंवा उसाचे चिपाड जाळून वीज करायची, वा पिकापासून इथेनॉल करायचे. आणि निघणारा कार्बन वायू हवेत न सोडता पकडून, दाबून, खोल खडकात पुरायचा. वीजही मिळते आणि हवेतला कार्बनही कमी होतो. राष्ट्रसंघाच्या हवामान समितीने २०१८ च्या अहवालात या मार्गाचा विचार केला आहे.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. अमेरिकेतील डिकेटर गावी मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा वायू २०११ ते २०१४ या काळात सुमारे १० लाख टन इतका, जवळजवळ दोन किलोमीटर खोल पुरण्यात आला. मात्र पुढे २०२४ मध्ये तिथल्या एका देखरेख-विहिरीत गळती आढळली आणि काही काळ काम थांबवावे लागले. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू काळ्या पाषाणात सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेक वायूचा दगड झाला. आपली काळी जमीन ज्या पाषाणापासून झाली, तोही त्याच जातीचा आहे. पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे चिपाडावर चालणारा बॉयलरही आपल्या लोकांना नवा नाही. पण वायू पकडणे आणि पुरणे हे प्रचंड भांडवलाचे काम आहे, आपल्या आवाक्यातले नाही.

आवाक्यातला मार्ग आहे जैविक कोळशाचा. पऱ्हाटीची कुट्टी करून बंद भट्टीत अगदी कमी हवेवर भाजायची. राख न होता कोळसा होतो आणि काडीतला साधारण अर्धा कार्बन त्यात टिकतो. हा कोळसा खतासोबत जमिनीत मिसळला तर तो कार्बन शेकडो वर्षे तिथेच राहू शकतो. पण लक्षात ठेवा, तोच कोळसा शिगडीत जाळला की शिल्लक पुन्हा शून्य. परदेशी कंपन्या पैसे देतात ते कोळशाचे नव्हे, तर जमिनीत राहिलेल्या कार्बनचे. जानेवारी २०२६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वराह या भारतीय कंपनीशी असा करार केला, आणि त्यात महाराष्ट्रातील पऱ्हाटी हाच कच्चा माल आहे.

यात आपले काम कोणते? कुट्टी यंत्राची पाती, भट्टीचे वेल्डिंग, दुरुस्ती, टेंपो, बारदाना, वजनकाटा. लोहार, फिटर आणि छोटे व्यापारी यांच्याशिवाय हा धंदा उभा राहणार नाही. पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीलाही आळा बसतो, हा शेतकऱ्याचा वेगळा फायदा.

पण सौदा डोळे उघडे ठेवून करावा. कापड गिऱ्हाईक हाताने चाचपून घेते. इथला माल तर डोळ्यांना दिसतही नाही. सगळा धंदा वजनाच्या पावतीवर आणि विश्वासावर उभा आहे. ओली पऱ्हाटी सुकी म्हणून मोजली, किंवा कोळसा दाखवला शेतात आणि विकला हॉटेलला, तर एका माणसाच्या लबाडीने सगळ्या तालुक्याचे नाव जाईल. कराराचा कागद वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, सही करू नये. भाव कशावर, किती वर्षांचा, पैसे कधी आणि कार्बनचा हक्क कोणाचा, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. ज्या घरांची चूल अजून पऱ्हाटीवर पेटते, त्यांच्या वाट्याची काडी आधी बाजूला काढावी. उरलेली जी आज धुऱ्यावर जळते, तीच आपला माल. ती विकून चार पैसे मिळवण्यात शहाणपण आहे; गरिबाची चूल विझवून मिळवलेला नफा आपल्या वहीत जमा दिसला, तरी तो नावेच आहे.