अठरा पूर्ण झाल्यानंतर

एका बालगृहातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आपल्या दोन मैत्रिणींसमवेत भाड्याच्या खोलीत राहू लागली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिने वरणासाठी अर्धा किलो तूरडाळ शिजत घातली. तिघींपुरते वरण म्हणजे किती डाळ, हे तिला ठाऊक नव्हते. कारण बारा वर्षे तिने जे स्वयंपाकघर पाहिले होते, तेथे डाळ पातेल्याने मोजली जाई आणि वाढप ओगराळ्याने होई. “ताई, तीन दिवस आम्ही वरणच खाल्लं,” असे तिने मला हसत सांगितले, आणि त्या हसण्यात संकोचाची जी एक बारीक रेघ होती ती माझ्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही.

घरात वाढलेल्या मुलाला ही मापे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. आईच्या, आजीच्या हाताकडे पाहता पाहता ती अंगवळणी पडतात. बालगृहातील मुलाचे उठणे, जेवणे, अभ्यास आणि निजणे ही सारी घंटेवर चालतात, आणि ज्या दिवशी दफ्तरात त्याच्या नावापुढे ‘वयाची अठरा वर्षे पूर्ण’ अशी नोंद पडते त्या दिवसापासून ती घंटा त्याच्यापुरती वाजेनाशी होते. या मुलांविषयी आपल्या समाजात सहानुभूती मुबलक आहे; वाढदिवसाचा केक आणि दिवाळीचा फराळ घेऊन संस्थेच्या दारी जाणारी कुटुंबे गावोगावी आहेत. परंतु फाटकाबाहेर पडल्यावर त्यांचे काय होते, त्यांच्यासाठी कोणती तजवीज आहे, याविषयीची माहिती मात्र तुटपुंजी आहे. आणि तिच्या अभावी जे समज रूढ होऊन बसले आहेत त्यांची किंमत ही मुले रोकडीने मोजतात.

सर्वांत घातक समज असा की, अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याचा या मुलांशी संबंध संपतो. घातक अशासाठी की, तो केवळ बाहेरच्या लोकांत नव्हे तर संस्थेच्या व्हरांड्यातही ऐकू येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015, जो 15 जानेवारी 2016 पासून अंमलात आला, त्याने ‘अनुरक्षण’ म्हणजे काय याची स्वतंत्र व्याख्या केलेली आहे: अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु एकवीस पूर्ण न झालेल्या आणि संस्थात्मक काळजीतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला समाजाच्या प्रवाहात सामील होण्यासाठी आर्थिक किंवा अन्य स्वरूपाचे साहाय्य देणे. त्याच अधिनियमाचे कलम 46 अशा आर्थिक साहाय्याविषयी आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या आदर्श नियमावलीतील पंचविसावा नियम याहून पुढे जातो आणि अपवादात्मक परिस्थितीत एकविसाव्या वर्षानंतर आणखी दोन वर्षे, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत, हे साहाय्य चालू ठेवण्यास मुभा देतो. बोलण्यात याला सर्रास ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. सरकारी कागदांत ‘अनुरक्षण’ हा शब्द आढळतो, आणि कित्येक मुलांना हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हेदेखील कोणी सांगितलेले नसते.

याच्या नेमका उलट असलेला दुसरा समज असा की, कायद्यात तरतूद आहे म्हणजे ती आपोआप मिळते. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाची मेख येथेच आहे. कलम 46 चे क्रियापद ‘देता येईल’ या अर्थाचे आहे, ‘द्यावेच लागेल’ या अर्थाचे नाही. आणि मराठी माणसाला या दोन क्रियापदांतील अंतर कोणत्याही कचेरीच्या खिडकीपाशी पाच मिनिटे उभे राहिले तरी कळून येते. नियमावलीने राज्य शासनावर अनुरक्षणाचा कार्यक्रम आखण्याची जबाबदारी निश्चितपणे टाकली आहे. पण अमुक एका मुलाला तो लागू व्हावा यासाठी बालकल्याण समितीचा, अथवा प्रकरणपरत्वे बाल न्याय मंडळाचा किंवा बाल न्यायालयाचा लेखी आदेश लागतो. तो आदेश निघावा म्हणून परिविक्षा अधिकाऱ्याने, बालकल्याण अधिकाऱ्याने किंवा समाजकार्यकर्त्याने मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा तयार करून अनुरक्षणाची शिफारस करावयाची असते. म्हणजे ज्या मुलाचा वाढदिवस जूनमध्ये येतो त्याचे भवितव्य एप्रिलमध्ये कोणाच्या तरी टेबलावर असले पाहिजे. एप्रिलमध्ये तो अधिकारी रजेवर असला, किंवा त्याच्याकडे आणखी तीन ठिकाणांचा कार्यभार असला, किंवा ही मुदत त्याच्या ध्यानातच राहिली नाही, तर कायदा होता तेथेच राहतो आणि मूल फाटकाबाहेर उभे असते. म्हणून संस्थांशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने, मग तो देणगीदार असो की शनिवारी गणित शिकवायला जाणारा निवृत्त शिक्षक असो, सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाविषयी एकच प्रश्न अधीक्षकांना विचारीत राहावे: याचा आराखडा गेला का? समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तिसरा समज पैशासंबंधी आहे. अनुरक्षण म्हणजे दरमहा हाती पडणारी काही रक्कम, एवढीच कल्पना अनेकांच्या डोक्यात असते. रक्कम आहे खरी. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत, जिच्या मार्गदर्शक सूचना 2022 साली निघाल्या, अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे आणि असा पैसा थेट त्या युवकाच्या बँक खात्यात जावयाचा असतो. पण पुण्यामुंबईत एका खाटेचे भाडे काय पडते हे ज्याला माहीत आहे, त्याला या रकमेवर आयुष्य उभे राहत नाही हे समजावून सांगण्याची गरज नाही. नियमावलीची दृष्टी पैशाहून व्यापक आहे, आणि मला ती मनापासून आदरणीय वाटते. सहा ते आठ युवकांच्या गटाला तात्पुरते एकत्र राहण्यासाठी घर, व्यवसायशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत आधार, स्वतंत्र धंदा करू पाहणाऱ्यास कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था, आणि या सर्वांहून मोलाचा असा एक समुपदेशक, जो त्यांच्याशी नियमित संपर्कात राहील, या साऱ्या गोष्टी तेथे लिहिलेल्या आहेत. सहा ते आठ हा आकडा मला फार समजूतदार वाटतो. तेवढ्या माणसांचे एक घर होते आणि तेवढ्यांचे वरण एका पातेल्यात मावते. ज्याने कोणी तो लिहिला त्याने बालगृहाची पंगत आणि भाड्याची एकाकी खोली या दोहोंच्या मधली एक पायरी डोळ्यांसमोर आणलेली असली पाहिजे.

पैशाच्याच संदर्भात आणखी एक गैरसमज कोविडनंतर पसरला: प्रत्येक अनाथ मुलाला सरकार दहा लाख रुपये देते. ती योजना, ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’, कोविडच्या महासाथीमुळे ज्यांचे आईवडील, हयात असलेला एकमेव पालक किंवा कायदेशीर पालक दगावले अशा मुलांपुरती होती; त्यांच्यासाठी अठराव्या वर्षी दहा लाखांची ठेव पूर्ण व्हावी, तेवीसपर्यंत तिच्यातून दरमहा विद्यावेतन मिळावे आणि मग मूळ रक्कम हाती यावी, अशी तिची रचना आहे. इतर मुलांचा तिच्याशी काही संबंध नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जी नातेवाइकांच्या किंवा अन्य कुटुंबाच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलांना मासिक अनुदान देते, तीही अठराव्या वर्षी थांबते.

आता ‘अनाथ’ या शब्दाकडे वळू. संस्थेत राहणारे प्रत्येक मूल अनाथ असते, हा समज इतका सार्वत्रिक आहे की ‘अनाथाश्रम’ हा शब्द आपण बालगृहासाठी बिनदिक्कत वापरतो. प्रत्यक्षात यांतील फार मोठ्या संख्येच्या मुलांना आई किंवा वडील असतात. कोणाची आई धुणीभांडी करून एका खोपटात राहते, कोणाचे वडील तुरुंगात आहेत, कोणाच्या घरी दारू आणि मार यांखेरीज काही नाही. अशा मुलाच्या बाबतीत “याला घर आहे, तिकडे पाठवा” असा शेरा मारणे सोपे असते; पण ज्या घरातून सहाव्या वर्षी त्याला काढणे समितीला आवश्यक वाटले, ते घर केवळ तो अठरा वर्षांचा झाला म्हणून बदललेले असते असे नाही. अनुरक्षणाची व्याख्या अनाथ असण्याची अट घालीत नाही; ती संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीविषयी बोलते.

आरक्षणाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि येथे काटेकोर असणे भाग आहे. महाराष्ट्र शासनाने 2 एप्रिल 2018 च्या निर्णयाने अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण दिले. त्यामागील कारण साधे आणि विदारक होते: ज्याला आईबापच माहीत नाहीत त्याला जात कोठून माहीत असणार, आणि जातीच्या दाखल्यावाचून तो खुल्या वर्गात सर्व साधने लाभलेल्या मुलांच्या बरोबरीने उभा राहणार. पुढे 2023 साली या आरक्षणासाठी ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ असे दोन वर्ग करण्यात आले. परंतु हे आरक्षण म्हणजे नोकरीची हमी, हा समज चुकीचा; स्पर्धा परीक्षा द्यावीच लागते, आणि त्याआधी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते संस्थेत असतानाच, कागद आणि माणसे दोन्ही हाताशी असताना मिळवणे सोपे. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत खेटे घालण्यात परीक्षेची वर्षे निघून जातात.

‘रिमांड होम’ हा शब्दही आपल्या जिभेवरून जाता जात नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके आणि विधिसंघर्षग्रस्त बालके असे दोन भिन्न वर्ग कायद्याने केले आहेत. पहिली बालगृहात राहतात, दुसऱ्यांसाठी निरीक्षणगृहे व विशेष गृहे आहेत. खोली भाड्याने देताना घरमालक “संस्थेतला म्हणजे काही केलं असेल” असे म्हणतो, तेव्हा तो ज्याच्याविषयी बोलतो तो बहुधा पाच वर्षांचा असताना रेल्वे फलाटावर सापडलेला असतो. आणि ज्याच्या हातून खरोखर काही घडले होते त्याच्यावरही, सोळा वर्षांवरील व प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा अपवाद सोडला तर, त्या दोषामुळे पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता येऊ नये असे कलम 24 सांगते.

मुलींच्या वाट्याला एक खास गैरसमज येतो: लग्न लावून दिले की प्रश्न मिटला. संस्थांनी मुलींची लग्ने लावण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि तीत अनेकांची कळकळ होती, हे मी नाकारीत नाही; अशी काही सुखाची घरे मी पाहिली आहेत. पण अठरा वर्षांच्या ज्या मुलीने स्वतःच्या नावाचे बँक खातेही कधी हाताळलेले नाही, जिला सासरी काही बिनसले तर परत येण्यास माहेर नाही, तिचे लग्न हे पुनर्वसन नव्हे. नियमावलीतील साहाय्याच्या यादीत शिक्षण आहे, कौशल्य आहे, निवारा आहे, विवाह नाही.

दिव्यांग मुलांविषयी तर समजच नाही, केवळ मौन आहे. ज्या मुलाला एकवीस काय, एकेचाळिसाव्या वर्षीही स्वतंत्र राहता येणार नाही, त्याने अठराव्या वर्षी कोठे जावे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा आजन्म सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे शासनाच्या दारी जात राहिले आहेत: अशा मुलांना अठरानंतरही संस्थेतच राहू देणारा कायदा व्हावा. त्यांच्या मुलांच्या कागदपत्रांवर पित्याच्या रकान्यात त्यांचेच नाव आहे.

कागदांचे म्हणाल तर, बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक, समितीचे आदेश आणि लसीकरणाची व आजारपणाची नोंद एवढे असावे, आणि त्याच्या प्रती संस्थेत राहाव्यात. चौकशीसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचे कार्यालय आणि तेथील जिल्हा बाल संरक्षण कक्ष ही दोन ठिकाणे आहेत. संस्था सोडून काही महिने झाले असले तरी तेथे जाऊन अनुरक्षणासाठी लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच घ्यावी.

डाळीची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीच्या भाडेकराराच्या कागदावर ‘स्थानिक ओळखीची व्यक्ती’ असा एक रकाना होता. तिने तेथे आधी संस्थेचे नाव लिहिले होते. घरमालकाने ते खोडायला लावले. मग तिने मला फोन करून, “तुमचं नाव टाकू का?” असे विचारले, आणि मी हो म्हणताच पत्ता नीट, एकेक अक्षर सोडवून लिहून घेतला. आता गॅसची नोंदणी असो, दवाखान्याचा केसपेपर असो, त्या रकान्यात ती तोच पत्ता घालते.