वाळ्याच्या ताटीपासून २४ अंशांपर्यंत

नागपूरच्या घराला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही निभावावे लागतात. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर चढला होता. २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले. शहरातल्या धंतोली भागातल्या घरांनी हे कसे निभावले याचा माग काढला, तर एक गोष्ट ठळक दिसते. ‘किती अंश’ हा प्रश्न घरात फार उशिरा आला. त्याआधी प्रश्न असे तो ‘किती वाजता’ हा.

जुन्या बंगल्यांत उन्हाळ्याची सारी व्यवस्था वेळेवर चाले. ऊन चढण्याआधी दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, दिवस कलला की अंगणात सडा टाकायचा आणि रात्री बाजा गच्चीवर न्यायच्या. खिडकी तासभर उशिरा लावली, तर भिंती तापत आणि ते रात्रीपर्यंत जाणवे. जाड भिंत हीच त्या घराची थंडावा साठवणारी टाकी होती.

पत्र्याच्या कूलरने हीच ताटी पेटीत बसवली. तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि पुढे पंखा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, एवढेच त्याचे तत्त्व. पण विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात ते फार प्रभावी ठरते. बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५-२० टक्के असेल, तर चांगला भिजलेला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. त्याला थर्मोस्टॅट नसतो. पंप आधी सुरू करून ताट्या भिजू द्यायच्या, मग पंखा लावायचा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि पहाटे गारठा वाटू लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. झोपेतून उठून पंपाचे बटण दाबणारा घरातला माणूस हाच त्या यंत्राचा थर्मोस्टॅट. टाकीत पाणी भरताना आधी प्लग काढायचा, हा नियम मात्र कुठल्याही अंशापेक्षा महत्त्वाचा. ओल्या पत्र्यात उतरलेल्या विजेने विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात.

जूनमध्ये पाऊस आला, हवा दमट झाली की कूलर निकामी होतो. बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहिल्या, तेव्हा दुसरी अडचण आली: समोरासमोरच्या खिडक्याच उरल्या नाहीत. एसी घरात शिरला तो या फटीतून, आणि त्याच्याबरोबर आकडा आला. रिमोटवर १८ केले की खोली लवकर गार होते, हा समज अजून पक्का आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वर आणि २४ वर एकाच जोमाने चालतो. १८ वर तो फक्त जास्त वेळ चालत राहतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टार मानांकित एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. घरमालक ते बदलू शकतो, पण सुरुवात तिथून होते.

आकडा दाखवणारा संवेदक कुठे आणि कसा आहे, यावर त्या आकड्याची किंमत ठरते. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. संवेदकात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. घरातही तेच. एसीवर थेट ऊन पडत असेल, तर त्याला खोली आहे त्याहून गरम भासते.

हिवाळ्याची गोष्ट लहान आहे, कारण इथे गरम करायची असते ती खोली नव्हे, अंघोळीचे पाणी. धंतोलीत हे काम तांब्याचा बंब करी. पहाटे उठून पेटवणारा हात हा त्याचा टायमर, आणि तोटीखाली धरलेले बोट हा थर्मोस्टॅट. गीझरने बोटाचे काम घेतले, वेळेचे मात्र घरावरच सोडले. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला वीसएक मिनिटे आणि सुमारे ०.७ युनिट लागते. बटण दिवसभर चालू ठेवले, तर टाकीतून झिरपणारी उष्णता भरून काढायला तो पुन्हा पुन्हा पेटतो. साधा टायमर प्लग लावला की हा खर्च थांबतो. मार्च सरता सरता गच्चीवरची टाकी उन्हानेच तापू लागते आणि गीझर बंद होतो, तो थेट दिवाळीच्या सुमारास पुन्हा लागतो.