ग्रंथालयातले काम ग्रंथालयाबाहेर
रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. इतका जुना वारसा असलेल्या ग्रंथालयाची सूची संगणकावर आणायची म्हटली, की जे प्रश्न उभे राहतात त्यांची उत्तरे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात. कारण ते प्रश्न देवनागरीचे, जुन्या मराठी छपाईचे आणि कोकणातल्या दमट हवेचे असतात.

उदाहरणार्थ, युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ‘अॅ’ लिहिता येतो, तसाच २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळालेल्या ‘ॲ’नेही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न असल्याने, एका नोंदकाराने पहिली रीत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर ॲरिस्टॉटल शोधणाऱ्या वाचकासमोर अर्धवट यादी येते आणि उरलेली पुस्तके कपाटात असूनही नसल्यासारखी होतात. जुन्या मुखपृष्ठावर ‘ग्रन्थ’ आणि नव्यावर ‘ग्रंथ’ असले, तरी हेच घडते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या नोंदी तर तो फॉन्ट काढताच निरर्थक चिन्हांची रांग बनतात. अशा नोंदी दुरुस्त करणारा तक्ता एखादा ग्रंथपाल महिनोन्‌महिने खपून तयार करतो. परंतु त्याने तो लिहून प्रसिद्ध केला नाही, तर शेजारच्या तालुक्यातील ग्रंथपालाला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि हा अपव्यय खरोखर क्लेशदायक आहे.

व्यवसायबंधूंसाठी मराठीतून लिहिण्याची परंपरा नवी नाही. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला, आणि १९१२ पासून तेथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. त्यामागे असलेल्या जनार्दन सखाराम कुडाळकरांनी १९१९ साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्या काळी गावोगाव पाठवल्या जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या हेच नवे तंत्र होते, आणि ते राबवणाऱ्यांना ते लिहून ठेवण्याजोगे वाटले, हे विशेष.

आजच्या नव्या तंत्राबाबतही हेच लागू आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी तयार झालेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली २००० च्या प्रारंभी वापरात आली. तिची मूळ संहिता, म्हणजे ती चालवणाऱ्या सूचनांचा मजकूर, सर्वांसाठी खुली ठेवल्यामुळे देशोदेशीच्या ग्रंथपालांना तिच्यात भर घालता आली. मात्र प्रणाली खुली असणे पुरेसे नाही. ती कशी बसवली, कोठे अडली, वीज गेल्यावर नोंदी कशा वाचवल्या, हे लिहिले गेले तरच शासकीय वर्गवारीत शेवटच्या ‘ड’ वर्गातील लहान वाचनालयाच्या एकट्या ग्रंथपालाला तिचा आधार वाटतो.

असा वृत्तांत लिहिताना यशाइतकेच अपयशाला स्थान द्यावे लागते. संग्रहाचा आकार, वापरलेली प्रणाली व तिची आवृत्ती, लागलेला खर्च आणि वेळ, सोडून दिलेला मार्ग व तो सोडण्याचे कारण, एवढे तपशील असल्यावाचून दुसऱ्याला त्यावरून काम करता येत नाही. पावसाळ्यात सादळलेली, कसरीने खाल्लेली पाने केव्हा आणि कशी स्कॅन करावीत, हे रत्नागिरीतल्या माणसाने मराठीत लिहिले, तर त्याचा पहिला उपयोग मालवण, चिपळूण किंवा पणजीच्या ग्रंथपालाला होईल.