रुग्णाची नोंद रुग्णाबरोबर

दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरांतील धारूर तालुक्यांतून कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. माणूस जातो, केसपेपर मात्र गांवींच राहतो. गर्भवती स्त्रीस कोणतें औषध सोसलें नाहीं, हें परमुलुखांतील डॉक्टरास कळावें कसें?

या अडचणीवर तोड म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें. त्यांत रुग्णास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी ज्या रुग्णालयांत झाल्या तेथेंच राहतात. रुग्णानें संमति दिल्यास या योजनेस जोडलेल्या दुसऱ्या रुग्णालयांतील डॉक्टरास त्या पाहतां येतात.

परंतु संगणक आणून ठेवले म्हणजे पद्धति रुजली, असें नव्हे. खिडकीवर रांग वाढत असतां तोच मजकूर कागदावर आणि संगणकावर असा दोनदां लिहावा लागला, तर कारकून व परिचारिका यांस ती वेठबिगारच वाटणार. म्हणून हें कार्य चालविणारानें एकेक विभाग क्रमानें हातीं घ्यावा, त्या विभागांतील दुबार लेखन लवकर थांबवावें, आणि वीज गेल्यास काय करावयाचें तेंही आधींच ठरवावें. नांवांतील एक अक्षर चुकलें तरी एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात. नोंद बिनचूक झाली, तरच धारूरच्या बाईच्या प्रकृतीची हकीकत तिच्यामागोमाग उसाच्या फडापर्यंत पोहोंचेल.