दोन माणसांच्या उबेने खोली किती तापते?

इन्सुलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. मग आपण खिडक्या लावून घेतो. माणसांच्या उबेनेच खोली गरम राहील, असा आपला अंदाज. संशोधनाची तयारी करताय ना? मग हा अंदाज आकड्यांत मांडून बघू.

प्राण्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, हे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1782-83 च्या हिवाळ्यात मोजलं. बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते त्यांनी पाहिलं. झोपलेला प्रौढ माणूस साधारण 75 वॅट उष्णता देतो. दोघांचे झाले 150.

आता एक सुटी खोली घ्या: 3 मीटर लांब-रुंद, 2.5 मीटर उंच, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आतली हवा सुमारे 27 किलो. ती 1 अंशाने तापवायला 27 किलोज्यूल लागतात, म्हणजे 150 वॅटला तीन मिनिटं पुरे. या हिशेबाने आठ तासांत खोली 160 अंशांनी तापेल! उत्तर हास्यास्पद आहे, पण कामाचं आहे. गणितात बाहेर जाणारी उष्णता धरायची राहिली, हे ते सांगतं.

ती आता धरू. आत-बाहेर 1 अंशाचा फरक असेल तर 30 चौरस मीटर भिंतींतून अंदाजे 60 वॅट जातात, 9 चौरस मीटर कौलांतून 45. हवा तासाला एकदा बदलते असं मानलं तर तिच्यातून फक्त 7.5. एकूण 112. मग 150 भागिले 112, म्हणजे जेमतेम 1.3 अंश. खिडकी किंचित उघडून हवा तासाला दोनदा बदलू दिली, तरी 1.25. फरक जवळजवळ नाहीच!

म्हणून गोधडी बरी. 39 चौरस मीटर भिंती-छपरापेक्षा अंगाभोवतीचे दोनेक चौरस मीटर झाकणं सोपं. आणि निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावतो.

हे प्रत्यक्ष तपासायचं तर? एक रात्र खोली रिकामी ठेवा, एक रात्र दोघं झोपा. रिकाम्या रात्रीशिवाय कळणार नाही, कारण चिऱ्याची भिंत दिवसाची उष्णता रात्री सोडते. तिचं श्रेय माणसांना जाईल. तापमापक आत एक, बाहेर एक. आधी दोन्ही शेजारी ठेवून जुळवून घ्या. अपेक्षित फरकच 1.3 अंश असताना अर्ध्या अंशाची चूक परवडत नाही.

उपकरण विकत घेण्याआधी हा कागदावरचा हिशेब करा. किती बारीक मोजावं लागेल, ते तोच सांगतो.