कोर्टाचं वाचन – भाग ७ : तिसऱ्या बचावपटूचे पाय

गेल्या आठवड्यात आपण पिक अँड रोल पाहिला. चेंडू असलेल्या खेळाडूचा बचावपटू साथीदाराच्या अंगाला अडतो आणि साथीदार लगेच रिंगकडे वळतो. ही चाल शाळेच्या संघांनाही येते. घोडं अडतं ते पुढच्या सेकंदाला: पास द्यायचा, शॉट मारायचा, की सरळ आत घुसायचं?

बहुतेक मुलं याचं उत्तर समोरच्या दोघांत शोधतात. उंच बचावपटू मागे थांबला तर शॉट, पुढे अंगावर आला तर वळलेल्या साथीदाराला पास. इथवर बरोबर आहे. पण चांगल्या संघासमोर नेमका हाच पास कापला जातो, कारण पलीकडच्या कोपऱ्यातल्या नेमबाजाला सोडून तिसराच कुणीतरी रिंगखाली येऊन उभा राहिलेला असतो. निर्णय खरं तर त्याच्याकडे बघून घ्यायचा. त्याचे पाय आधी कळवतात: आतल्या पायावर भार गेला, बाहेरची टाच उचलली गेली, की कोपरा मोकळा होणार. डेन्व्हरचा निकोला योकिच चेंडू सोडतो तो याच क्षणी. त्याची उडी बेताची, वेगही बेताचा. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

‘ही नजर उपजतच लागते,’ असं म्हणून पुष्कळ प्रशिक्षक विषय संपवतात. मला हे अजिबात मान्य नाही. कॅनडात फ्रॅन अलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्यातली चित्रं काही सेकंद दाखवून कोण कुठे उभं होतं ते विचारलं होतं. आक्रमणाची मांडणी लागलेली असली की खेळाडूंना ते न खेळणाऱ्यांपेक्षा खूपच चांगलं आठवे. मांडणी विस्कटलेली असली की दोघेही सारखेच. खेळाडूंची स्मरणशक्ती काही वेगळी नव्हती, मांडण्या ओळखीच्या होत्या. आणि ओळख वारंवार भेटीनेच होते.

म्हणून तासन्‌तास कोनभोवती ड्रिबल करून ही नजर येणार नाही. कोन टाच उचलत नाही. त्याऐवजी तीन विरुद्ध तीन खेळवा. कोपऱ्यातल्या बचावपटूला चेंडूवाल्याच्या पाठीमागून बोटांनी खूण करा: कधी आत ये, कधी जागेवर थांब. चेंडूवाल्याला फार तर दोन ड्रिबल. सॅन अँटोनियो स्पर्समध्ये चेंडू हाती येताच अर्ध्या सेकंदात पास, शॉट किंवा ड्राइव्ह, यांतलं एक ठरवण्याचा दंडक होता. २०१४ ची अंतिम मालिका त्यांनी मायामीविरुद्ध ४-१ अशी जिंकली, तेव्हा चेंडू कुणाच्याच हातात रेंगाळत नव्हता. आपल्या मुलांना सुरुवातीला एक सेकंद द्या, पुढे कमी करा.

गुण मात्र वेगळ्या पद्धतीने मोजा. डाव संपताच चेंडूवाल्याला विचारा, “कोपऱ्यातला कुठे होता?” उत्तर बरोबर आणि पास योग्य जागी गेला, तर शॉट हुकला तरी एक गुण. न बघता मारलेल्या बास्केटला शून्य. मुलं पहिल्या दिवशी कुरकुर करतील, करू द्या. आणि बाहेरून “पास दे, पास दे!” हे ओरडणं या सरावात पूर्ण बंद, कारण तुम्ही ओरडलात की मूल तुमच्या आवाजाकडे कान देतं आणि कोपऱ्याकडे बघायचं राहून जातं.

हे जमू लागलं की तिसरा बचावपटूही शहाणा होतो, आत येण्याची नुसती हूल देऊन परत कोपऱ्यात धावतो. ती हूल कशी ओळखायची, ते पुढच्या भागात.