शेवटची ओळ वाचता येते, मग?

डोळ्यांच्या दवाखान्यात तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचून झाली की आमचे बाबा विजयी मुद्रेने आमच्याकडे बघतात. बारा-तेरा वर्षांची शुगर. "मला कुठे काय झालंय? उगाच थेंब घालून तासभर बसवून ठेवतात!" पण त्या तक्त्यावरून नजर कळते, पडदा नाही.

डोळ्याच्या मागचा हा पडदा अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना फुगे येतात, रक्त आणि पाणी झिरपू लागतं. काही वाहिन्या बंदच पडतात. मग उपाशी पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या तकलादू की त्यांतून डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो. हे सगळं कडेकडेला चालू असलं तर बारीक अक्षर वाचणाऱ्या मधल्या भागाला त्याचा पत्ताही नसतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. समोर काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागतं, तोवर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

म्हणून "त्रास झाला की दाखवू" हे इथे चालत नाही. टाइप 2 मधुमेहाचं निदान झालं की लगेच पडदा तपासायचा, कारण साखर सापडण्याआधी कित्येक वर्षं ती वाढलेली असू शकते. टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. पुढे साधारण दरवर्षी, आणि मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच.

चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर डोळे तपासले म्हणजे झालं, असंही पुष्कळांना वाटतं. तिथे निघतो तो नंबर. आणि नंबरही फसवतो. साखर खूप चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि धूसर दिसू लागतं. बाबांनी शुगर चारशेच्या घरात असताना हौसेने नवा चष्मा केला. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात त्यांना जुनाच बरा वाटू लागला. नवा अजून कपाटात आहे. साखर काही आठवडे स्थिर राहू द्यावी, मगच नंबर काढावा.

"मी गोड सोडलंय" हे तर ठरलेलं उत्तर. भात-भाकरीचीही साखरच होते हे एक; पण रक्तदाबाकडे कुणाचंच लक्ष नसतं. टाइप 2 आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेल्या रुग्णांवरचा एक मोठा ब्रिटिश अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पडद्याचा आजार बळावण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला.

मोतीबिंदू काढला की सगळं नीट दिसेल, हाही असाच एक समज. मोतीबिंदू काढून कितीही महागडी लेन्स बसवली, तरी मागचा पडदा खराब असेल तर मनासारखं दिसत नाही.

सगळ्यात जास्त बदनाम झालं ते लेझर. "अमक्याने लेझर केलं आणि त्याची नजर गेली." बहुतेक वेळा तो अमका आधीच फार उशिरा गेलेला असतो. लेझर मुख्यतः उरलेली नजर राखण्यासाठी असतं, गेलेली सहसा परत आणत नाही. कडेच्या पडद्यावर ते मारल्यावर अंधारात आणि बाजूचं थोडं कमी दिसू शकतं; मधला भाग वाचावा म्हणून मोजलेली ती किंमत असते. मधल्या भागावर सूज आली तर आता बहुधा डोळ्यात इंजेक्शनं देतात. त्यांनी पुष्कळांची नजर सुधारतेही, पण एकावर भागत नाही.

डोळ्यात सुई म्हटल्यावर बाबा खुर्चीत मागे सरकले होते. बधिर करणारे थेंब घातले, काम काही सेकंदांत आटोपलं. सुई कळलीसुद्धा नाही, पण पापण्या ताणून धरणारा तो चिमटा मात्र ते अजून विसरलेले नाहीत.